सिग्नलला गाड्या दिसतात, माणसे दिसत नाहीत : निपाणीच्या वाचकांना उत्तर

पादचाऱ्यांसाठी स्मार्ट सिग्नल, म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाची सेन्सरने दखल घेणारे सिग्नल हवेत, या माझ्या लेखावर निपाणीच्या एका निवृत्त शिक्षकांनी खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जिथे झेब्रा पट्टे एका पावसाळ्यात पुसले जातात, तिथे सेन्सरच्या गोष्टी कशाला? आधी लोकांना शिस्त लावा, चौकात पोलीस उभा करा. आणि बोलणारे सिग्नल बसवलेच तर ते कन्नडमध्ये बोलतील, मग आमच्या मराठी म्हाताऱ्या माणसांना त्यांचा काय उपयोग? शिवाय वीज जाते तेव्हा काय? आणि राष्ट्रीय महामार्गावर तर सिग्नल कामाचाच नाही.

सर, मनापासून लिहिलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

आधी शिस्तीचे बघू. बेळगावात चन्नम्मा चौकात थोडा वेळ उभे राहून बघा. एका बाजूला कोर्ट आणि कलेक्टर कचेरी, जवळच सिव्हिल हॉस्पिटल. खानापूर, बैलहोंगलकडून आलेली माणसे हातात केसपेपर, एक्स-रेची पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला उभी असतात. गाड्यांचा एक लोंढा सरतो तोवर दुसरा वळून येतो. शेवटी कुणीतरी हात वर करून पुढे घुसतो आणि त्याच्या आडोशाने बाकीचे निघतात. याला बेशिस्त म्हणणे मला पटत नाही. त्यांची पाळी कधी येणार हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. ३० सेकंदांच्या वर ताटकळावे लागले की पायी चालणाऱ्याचा धीर सुटतो, हे वाहतूक अभियंत्यांच्या पुस्तकांतच आहे. पाळी वेळेवर येते असा भरवसा बसला, तर माणसे थांबतात.

आता पोलिसाचे. तो हवाच, पण त्याच्यावर ताण असतो तो तुंबलेल्या गाड्या सोडवण्याचा. रात्री नऊनंतर तोही नसतो.

माझे मुख्य म्हणणे वेगळे आहे. स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत जानेवारी २०१६ मध्ये बेळगावची निवड झाली. तेव्हापासून ‘स्मार्ट’ हा शब्द आपण रोज ऐकतो. पण आपल्याकडे स्मार्ट सिग्नल म्हटले की कॅमेऱ्याने नंबर प्लेट वाचायची, गाड्यांची रांग मोजायची आणि त्यावरून हिरवा दिवा लांबवायचा, एवढेच डोळ्यांपुढे येते. रस्त्यात अर्ध्यावर अडकलेली बाई त्या हिशेबात कुठेच नसते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. यंत्राला गाडी मोजता येते, तर माणूसही मोजता येतो. मी मागतोय ते इतकेच.

हिशेब करून बघा. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चालीवर ठरवतात. १८ मीटर रुंद रस्त्याला १५ सेकंद. गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटर चालली, तर पंधराव्या सेकंदाला ती १२ मीटरवर असते. पुढचे सहा मीटर तिने मोटारसायकलींच्या समोरून काढायचे! ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून अशा ठिकाणी सेन्सर आहेत. पट्ट्यांवर माणूस असेपर्यंत ते गाड्यांचा लाल दिवा धरून ठेवतात आणि बटण दाबून कुणी निघून गेले तर ती मागणी रद्दही करतात, म्हणजे गाड्याही उगाच थांबत नाहीत. सिंगापूरने २००९ मध्ये ज्येष्ठांना आणि अपंगांना कार्ड टेकवून जादा वेळ मागायची सोय केली. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जादा मिळतात. याला श्रीमंती कसे म्हणायचे? आपल्या आजीला हवे असलेले साडेसात सेकंद त्यात सहज बसतात.

भाषेचा तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण सीमाभागात तो कधीच किरकोळ नसतो. पण अशा सिग्नलला बोलावेच लागत नाही. थांबायचे असेल तेव्हा संथ टकटक, निघायचे असेल तेव्हा भरभर. ब्रिटनमध्ये बटणाच्या डब्याखाली बोटाच्या पेराएवढा शंकू असतो. हिरवा लागला की तो फिरायला लागतो, आणि ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, तो त्यावर बोट ठेवून समजतो. मराठी, कन्नड, उर्दू, कोणाचेही अडत नाही.

वीज जाते, हेही तुम्ही लिहिलेत. बटण दाबल्यावर लखलखणारे पिवळे दिवे सौर पॅनेलवर चालतात. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या मते त्यांनी पादचाऱ्यांचे अपघात ४७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. गळीत हंगामात चिकोडी, संकेश्वर भागात उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर सुरू झाले की शाळांसमोर असे दिवे हवेतच. भरलेली ट्रॉली जागच्या जागी थांबत नाही आणि तिच्या आडून येणारे पोर मागच्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. चालकाला आधी कळले तरच उपयोग. नुसता दिवाही पुरणार नाही. पट्टे फुटपाथच्या उंचीवर उचलून बांधायचे, म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागतो. रंग पुसला गेला तरी तो उंचवटा राहतो, आणि पुसलेल्या पट्ट्यांबद्दलच्या तुमच्या तक्रारीवर मला तरी हाच उपाय दिसतो.

राष्ट्रीय महामार्गाबाबत मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. निपाणी ते काकती पट्ट्यात गाड्या ज्या वेगाने जातात, तिथे दिवा दाखवून माणसाला रस्त्यात उतरवणे धोक्याचे आहे. तिथे भुयारी मार्गच हवा, तोही उजेडाचा, पाणी न साचणारा आणि गावाच्या रोजच्या वाटेवर. अर्धा किलोमीटर लांब बांधला तर माणसे दुभाजकावरूनच उड्या मारणार.

तुमच्या गावात शाळा सुटताना मुले नेमकी कुठून रस्ता ओलांडतात, ते तुमच्याइतके कुणाला ठाऊक असणार? दोन-तीन जागा, वेळा आणि फोटो पाठवा. बेळगावच्या हॉस्पिटलसमोरच्या जागेसाठी निवेदन तयार करतोच आहे, त्यात निपाणीच्या जागाही घालतो. मराठीत लिहितो, सोबत कन्नड प्रतही जोडतो, म्हणजे टेबलावर अडून राहायला कारण नको.