लाँच आधी कुणाची?

मागच्या रविवारी सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीच्या धक्क्यावर एक पुण्याचं कुटुंब माझ्या चुलतीला म्हणालं, "काकू, नशीबवान आहात हं, रोज एवढा सुंदर लेक बघायला मिळतो!" चुलतीच्या डोक्यावर रेशनची पिशवी. ती शांतपणे म्हणाली, "ती निळी लाँच दिसती न्हवं? तिच्या खाली आमची खाचरं हायती." त्यांना गंमत वाटली. हसली आणि सेल्फी काढायला वळली.

या लेकचं शिवसागर हे नाव बोर्डावर. आमच्यात त्याला नुसतं 'पाणी' म्हणतात. पाणी चढलं, पाणी उतरलं. हा तलाव कुणी सहलीसाठी बांधलेला नाही. कोयनेचं धरण विजेसाठी झालं, आणि 105 टीएमसीचं पाणी कोयना, सोळशी, कांदाटीच्या खोऱ्यांत शिरलं. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो आला 1976 ला. कुणाला सोलापूर, सांगलीकडं पाठवलं, कुणाला ठाणे, रायगडकडं. आमच्यासारखे जे हटले नाहीत ते डोंगरात वर सरकले. खालची नदीकाठची वाट मात्र बुडाली, आणि तेव्हापासून लाँच हाच आमचा रस्ता. मग 1985 ला अभयारण्य, 2010 ला व्याघ्र प्रकल्प. म्हणजे खाली पाणी, वर जंगल खातं, मधल्या पट्ट्यात आम्ही. (संकलन रजिस्टर, म्हणजे धरणग्रस्तांची सरकारी नोंदवही, हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांनी खुशाल सुखी राहावं.)

पर्यटनावर माझा राग नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये सुरू व्हाल. चुलतभाऊ वीस वर्षं वाशीच्या मार्केटात गोण्या उचलत होता, आज बोट चालवतो आणि घरी जेवतो. काठावरच्या मुनावळ्याला स्कूटर पाण्यावर उडू देत, तापोळ्याला तंबू लागू देत. माझं म्हणणं एवढंच आहे की लाँच आधी गावाची, मग वासोटा किल्ल्याच्या ट्रेकची. शनिवार-रविवारी सगळ्या बोटी ट्रेकवाल्यांना लागतात आणि आमची म्हातारी माणसं पिशव्यांवर बसून राहतात. एक वर्ष गणपतीत चुलत्याच्या छातीत कळ आली. रात्री बोट मिळेपर्यंत दोन तास गेले. वाचले ते, पण तेव्हापासून घरात कुणी खोकलं तरी आधी बाहेर येऊन पाण्याकडं बघतात.

धक्क्यावर तिकीट फाडता ना? त्यातूनच पहिली आणि शेवटची फेरी ठरलेल्या भाड्यात गावकऱ्यांसाठी ठेवा. रात्री एक बोट, एक चालक, एक स्ट्रेचर. एवढ्यात भागतं. इथं नवं गिरिस्थान करायचे, 'नवीन महाबळेश्वर'चे सरकारी आराखडे निघतायत, त्यात रिसॉर्टच्या आधी हे लिहा. आणि भावकीतल्यांनो, पाण्याकडेची जमीन गुंठ्यावर विकताय, तर एकदा आजोबांनी किती वेळा घर हलवलं ते आठवा. परत वर सरकायला आता डोंगरही उरला नाही.

मे महिन्यात याल तर हा 'लेक' ओळखू येणार नाही. पाणी खोल जातं, काठाला नुसता चिखल. कुठं गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेलं पीक, हिरवी दिसते, कुठं जुन्या गावठाणाची जोती उघडी पडतात. लाँच काठाला टेकत नाही, गुडघाभर गाळातून चालावं लागतं. तेव्हा सँडल एका हातात धरा. दुसरा हात मोकळा असला तर चुलतीची एक पिशवी घ्या.