सत्तेचाळीसाव्या वर्षी किशोर

कराडच्या आसपास मिरचीलाही मुहूर्त असतो. मार्च उजाडला की घराघरांत ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी येते, गच्चीवर वाळते, बायका खोकत खोकत देठं खुडतात आणि वर्षाची चटणी करून आणायला कांडपावर रांग लागते. मृगाचा पाऊस पडला की रांग संपली. म्हणजे धंदा काय तो तीन महिन्यांचा.

माझी पिठाची गिरणी. गेली एकोणीस वर्षं गहू, ज्वारी, भाजणी. दर उन्हाळ्यात गिऱ्हाईक पिठाचा डबा उचलताना विचारायचं, "चटणी नाही का हो करून देत?" एका डिसेंबरात मी मनावर घेतलं. शेजारची खोली रिकामीच होती. कांडप मशीन, मोटर, वायरिंग, शेडची डागडुजी धरून खर्च सव्वातीन लाख. पाऊण लाख माझ्याकडं होते. राहिलेले अडीच लाख बँकेकडून घ्यायचे. डिसेंबरात अर्ज दिला की मार्चला मिरची कुटायची, इतका साधा हिशोब.

छोट्या धंद्यांना कर्ज देणारी सरकारची मुद्रा योजना २०१५ सालची. तारण लागत नाही, हे मला पाठ होतं. पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज 'शिशू', पाच लाखांपर्यंतचं 'किशोर', त्याच्या वरचं 'तरुण'. पुढं २०२४ मध्ये वीस लाखांपर्यंतचं 'तरुण प्लस'ही आलं. अडीच लाखांमुळं मी किशोरात बसलो. गुडघ्याला पट्टा, डोक्यावर शेवटचे चार केस, आणि काउंटरवरची मुलगी आत ओरडून सांगतेय, "सर, एक किशोर आलेत!"

तिनं माझं पॅन कार्ड घेतलं, काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीनकडं बघत गप्प झाली. एक्स-रे बघून डॉक्टर होतात तशी.

"काका, तुमचा सिबिल उणे एक आलाय."

सिबिल म्हणजे माणूस कर्ज कसं फेडतो त्याचे गुण, ते तीनशे ते नऊशेच्या मध्ये असतात, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे अगदी ढ माणसालाही तीनशे मिळतात. मी शून्याच्याही खाली! मग तिनं समजावलं, "तुम्ही आजवर कुठलंच कर्ज घेतलेलं नाही ना, म्हणून. तुमची हिस्ट्रीच नाही." कुणाचा रुपया बुडवला नाही, याचं बक्षीस हे. उपायही तिनंच सुचवला. "आधी एखादं छोटं कर्ज घ्या, फेडा, मग या."

घरी अण्णांना सांगितलं. अण्णा निवृत्त शिक्षक. गिरणी त्यांच्या फंडाच्या पैशातून उभी राहिली आणि 'कर्ज काढायचं नाही' हे वाक्य त्यांनी मला पाढ्यांबरोबर शिकवलेलं. त्यांनी चष्मा पुसला. "उणे एक? गणितात तू पहिल्यापासून कच्चाच."

तरी मुलीनं फाइल घेतली, हे तिचे उपकार. मग कागद सुरू झाले. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. नेट कॅफेवाल्यानं त्या फुकटाचे तीनशे रुपये घेतले. मशीनचं कोटेशन आणलं, नमुना आठचा उतारा आणला, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणला. ग्रामसेवक भेटेपर्यंत संक्रांत झाली. विजेचं बिल अडलं, कारण ते आजोबांच्या नावावर. आजोबा १९८६ साली गेले, बिल मात्र अजून त्यांनाच येतं.

"मग यांची संमतीपत्रावर सही लागेल," अधिकारी म्हणाले.

"साहेब, ते नाहीत."

"बाहेरगावी आहेत का?"

प्रोजेक्ट रिपोर्टचं वेगळंच. तो सीएच्या ऑफिसातल्या पोरानं दोन हजारांत करून दिला. रंगीत आलेख, तीन वर्षांचा नफा, सगळं झकास. घरी नीट वाचला, तर पान सातवर लिहिलेलं, 'दुसऱ्या वर्षी म्हशींची संख्या दहावर नेण्यात येईल.' पोरानं आधीच्या गिऱ्हाइकाच्या डेअरीचा रिपोर्ट उचलून नावं बदलली होती, म्हशी तेवढ्या राहिल्या. मी धावत बँकेत गेलो, तर फाइल पुढं गेलेली. पुढं तीन टेबलांवरून ती फिरली, पण मिरचीच्या कांडपात दहा म्हशी काय करणार, हे एकानंही विचारलं नाही. पान चारवर शिक्का नाही, एवढं मात्र तिघांनाही दिसलं.

फेब्रुवारीत मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. हे गुंटूरकडचे. कांडप म्हणजे काय, ते मी दोन्ही हातांनी मुसळ मारून दाखवलं. मिरची कळताच साहेबांनी खुर्ची पुढं ओढली.

"कौनसी मिर्ची?"

"ब्याडगी जास्त, साहेब."

"ब्याडगी में सिर्फ कलर है," ते तुच्छतेनं म्हणाले. "दम नहीं."

मला राहवलं नाही. म्हटलं, रंगाला ब्याडगी, दमाला लवंगी आणि मधे संकेश्वरी, तेव्हा कुठं कांदा-लसूण चटणी होते. अर्धा तास आम्ही मिरचीवर बोललो. चहा आला. पुढच्या खेपेला मी घरची चटणी नेली. साहेबांनी बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आलं, मान डोलली. मला वाटलं, झालं काम. साहेब म्हणाले, "बहुत अच्छा. दो गारंटर लाइए."

तारण नाही म्हणजे जामीन नाही असं कुठं लिहिलंय, हे त्यांनी प्रेमानं सांगितलं. मी सख्ख्या मेहुण्याला फोन केला. एरवी दिवसाला चाळीस 'शुभ सकाळ' पाठवणारा माणूस, त्या दिवसापासून त्याची सकाळ शुभ होईना. शेवटी एक शाळेतला मित्र आणि एक वर्गणीदार, म्हणजे आमच्या भिशीतला, तयार झाले. तोवर मार्च संपला. बँकेत वर्षअखेर, कुणी वर बघेना. एप्रिलमध्ये साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांनी फाइल पहिल्यापासून बघायला घेतली. बाहेर गल्लीतनं बायका डोक्यावर मिरचीची पोती घेऊन चार किलोमीटरवरच्या कांडपाला निघाल्या होत्या, आणि मी गिरणीच्या दारात उभा राहून नुसता शिंकत होतो.

कर्ज मंजूर झालं २९ मे रोजी. मशीन आलं ९ जूनला, टेम्पोत ताडपत्रीखाली, धो धो पावसात. बायकोनं त्याला हळदकुंकू लावलं, ते ओघळून मोटरवर गेलं. पहिल्या महिन्यात कुटलं काय, तर चार किलो हळद आणि एका हॉटेलवाल्याचे धने. सादळलेली मिरची मशीनखाली नुसती लोळते.

जुलैत पहिला हप्ता आला. बायको म्हणाली, "अहो, माझ्या पाटल्या आहेत की." त्याच शाखेत गेलो. सोनेतारणाचं काउंटर डावीकडं. पाटल्या घासल्या, तोलल्या, दोन सह्या झाल्या. पस्तीस मिनिटं. विजेचं बिल नको, आजोबा नकोत, म्हशी नकोत. काउंटरवरच्या मुलीनं बायकोला पाणीसुद्धा विचारलं. ते पैसे घेतले आणि उजवीकडच्या काउंटरवर भरले. माझ्या विनातारण कर्जाचा पहिला हप्ता असा सोनं तारण ठेवून गेला.

पुढच्या मार्चला मात्र रांग लागली. पार पिंपळापर्यंत. पाटल्या सुटल्या. त्याच सुमारास हप्ता भरायला गेलो असताना मुलीनं सहज सिबिल बघितला आणि म्हणाली, "काका, सातशे बेचाळीस!" मी पेढे घेऊन घरी गेलो, अण्णांच्या हातावर ठेवले आणि आकडा सांगितला.

"कितीपैकी?"

"नऊशेपैकी."

अण्णांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश चघळला.

"मग उरलेले एकशे अठ्ठावन्न कुठं घालवलेस?"