खोकून हार्ट अटॅक थांबत नाही

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मावशींनी एक फॉरवर्ड कागदावर उतरवून फोनशेजारी लावून ठेवलाय. त्या एकट्या राहतात, मधुमेह आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: तिन्ही प्रकारचे स्नायू मेंदूच्या हुकमावर चालतात, अटॅक म्हणजे हृदयाला आलेला गोळा, तेव्हा केळी खा, एकटे असताना अटॅक आला तर दर दोन सेकंदांनी जोरात खोका आणि तसेच गाडी चालवत दवाखाना गाठा, जिम सोडली की स्नायूंची चरबी होते, जीभ सर्वांत ताकदवान स्नायू.

आधी खोकला, कारण जीव जाईल तो त्यापायी. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बंद होते, बहुतेक वेळा गुठळीने. हृदय तेव्हा सहसा धडधडत असतं. त्या धमनीवर जगणारा स्नायूचा भाग तेवढा उपाशी मरत असतो. खोकून गुठळी हलत नाही. हृदय बंद पडणं, म्हणजे कार्डियाक अरेस्ट, ही वेगळी गोष्ट, आणि त्यात माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. तो खोकणार कसा?

अर्धं खरं आहे ते मान्य करावं लागेल. 1976 मध्ये डॉक्टर क्रायली आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं, की हृदयाची लय अचानक बिघडलेल्या काही रुग्णांनी कॅथ लॅबमध्ये, म्हणजे नळी घालून हृदय तपासतात त्या खोलीत, खोकून शुद्ध टिकवली. जास्तीत जास्त 39 सेकंद! तेही टेबलावर, ईसीजी लावलेला, डॉक्टर शेजारी. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कॅथ लॅब गाळली आणि खोकला ठेवला. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय, की सामान्य लोकांना हे शिकवू नये.

मावशी, तो कागद काढा आणि हे लिहा. छातीवर दाब, जबडा-पाठ-डाव्या हातात कळ, घाम, धाप यांपैकी काही झालं की 108. मधुमेहात कळ न येता नुसती धाप लागू शकते, घाम फुटू शकतो. सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ला म्हणून जळजळतंय, असं ठरवून झोपू नका. दाराची कडी काढा, पाठीला आधार देऊन बसा, चालू नका, स्कूटर तर नाहीच. ऍलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर 108 वर विचारून ऍस्पिरिनची 300 ते 325 मिलिग्रॅमची गोळी चावून खा. कुणी बेशुद्ध पडून श्वास थांबला, तर शेजाऱ्यांनी छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब द्यायचा.

घाई एवढ्यासाठी, की धमनी पूर्ण बंद झाली तर साधारण 20 ते 30 मिनिटांत तो स्नायू मरायला लागतो. दंडाच्या स्नायूत दुरुस्तीच्या राखीव पेशी असतात. हृदयात जवळजवळ नाहीत, तिथे व्रणच राहतो.

मेंदूच्या हुकमाचं म्हणाल, तर हुकूम चालतो तो अस्थी स्नायूंवर, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूंवर. हृदय स्वतःतल्याच खास पेशींच्या गाठीतून (सायनस नोड) ठोका काढतं. मेंदू वेग कमी-जास्त करतो इतकंच. म्हणून तर मज्जातंतू तोडून बसवलेलं प्रत्यारोपित हृदयही चालतं. आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांतले मृदू स्नायूही इच्छेला जुमानत नाहीत. घोळाला भाषाही कारण असावी. हिंदीतली ‘मांसपेशी’ म्हणजे आपला स्नायू, आणि तिथलं ‘स्नायु तंत्र’ म्हणजे आपली मज्जासंस्था. इंदूरच्या घरांत हिंदी मेसेज मनातल्या मनात मराठी होतो, तेव्हा हे शब्द हमखास जागा बदलतात.

गोळ्याचं म्हणाल, तर पोटरीसारखा गोळा हृदयाला येत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर तो स्नायू सुमारे पाव सेकंद नव्या इशाऱ्याला दादच देत नाही, त्यामुळे आवळून धरला जात नाही. धमनीच्या भिंतीतला मृदू स्नायू मात्र आवळू शकतो, त्याने छातीत कळही येते. पण त्यावर औषध केळी नव्हे. मूत्रपिंड कमकुवत असेल, तर केळ्यांतलं पोटॅशियम रक्तात वाढून उलट हृदयाची लय बिघडते.

चरबीचं: स्नायू आणि चरबी या वेगळ्या ऊती आहेत, एकीची दुसरी होत नाही. व्यायाम थांबला की स्नायू बारीक होतो, खाणं तेवढंच राहिलं की चरबी साठते. आणि जीभ हा एक स्नायू नाहीच, आठ जोड्या आहेत.