सॉकेट काढून एअर फ्लो सेन्सर तपासता येत नाही

गाडीचं पिकअप गेलं, ॲव्हरेज पडलं, मागून काळा धूर येतोय, अशी तक्रार कुणी ग्रुपवर टाकली की थोड्याच वेळात एक ठरलेला मेसेज येऊन पडतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच: "सगळ्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत फिल्टरच्या पुढे एअर फ्लो सेन्सर असतो. इंजिन चालू ठेवून त्याचा सॉकेट काढा. गाडी सुधारली तर सेन्सर गेला, फरक पडला नाही तर सेन्सर चांगला. एकदा पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने धुऊन बघा. स्कॅनरवर पी ०१०१ आला असेल तर धुवायच्या भानगडीत पडू नका, थेट बदला. नवीन येईपर्यंत सॉकेट काढून बिनधास्त चालवा."

इंजिनात किती हवा जातेय ते मोजणारा हा सेन्सर काही हजारांचा असतो आणि एकदा बसवला की दुकानदार परत घेत नाही. त्यामुळे हा सल्ला ओळीओळीने तपासायला हवा.

"सगळ्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत असतो." नसतो. आल्टो ८००, वॅगनआर अशा आपल्याकडच्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांत तो मुळातच नाही. तिथे मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या पाइपांमधला, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. दाब, हवेचं तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून गाडीतला कॉम्प्युटर हवेचा हिशेब करतो. अशा गाडीत फिल्टरच्या डब्यावर किंवा पाइपवर दोन वायरींचा छोटासा सेन्सर दिसतो, तो फक्त तापमान सांगणारा. मेसेज वाचून लोक त्याचाच सॉकेट काढतात आणि निदान करून मोकळे होतात. मोबाइलवरची काही ॲप्स तर अशा गाडीतही 'मॅफ' (एअर फ्लो सेन्सरचं इंग्रजी छोटं नाव) म्हणून आकडा दाखवतात. तो ॲपने स्वतः मांडलेला हिशेब असतो, कुठल्या सेन्सरने मोजलेला नाही. खरा एअर फ्लो सेन्सर फिल्टरच्या डब्यानंतर लगेच, जाड पाइपात बसवलेला असतो आणि त्याला सहसा चार-पाच वायरी असतात. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टामधल्या फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाला तो आहे, पेट्रोल कोरोलालाही आहे. तुमच्या गाडीला आहे की नाही, हे आधी बघा.

आता मुख्य मुद्दा, "सॉकेट काढल्यावर गाडी सुधारली तर सेन्सर गेला."

सेन्सरच्या आत एक बारीक तार किंवा फिल्म असते. आत येणाऱ्या हवेपेक्षा ती ठरावीक अंशांनी गरम राखली जाते. हवा जास्त आली की ती जास्त थंड पडते, मग तापमान टिकवायला जास्त करंट लागतो, आणि त्या करंटवरून हवेचं वस्तुमान कळतं. सॉकेट काढला की हा आकडा येणं बंद होतं आणि कॉम्प्युटर थ्रॉटल (हवेची झडप), फेरे आणि असलाच तर मॅप सेन्सर यांवरून साठवलेला अंदाज वापरू लागतो. म्हणजे या चाचणीत तुम्ही दोन हिशेबांची तुलना करता. दुसऱ्या हिशेबावर गाडी बरी चालली, एवढंच त्यातून कळतं. पहिला का बिघडला, ते कळत नाही.

डिझेलमध्ये तर ही चाचणी हमखास फसवते. डिझेल इंजिनात या सेन्सरचं मोठं काम ईजीआर, म्हणजे जळालेला धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, सांभाळणं हे असतं. जळालेला किती धूर परत आत सोडायचा, ते ताज्या हवेच्या आकड्यावरून ठरतं. सॉकेट काढला की बहुतेक गाड्यांत ईजीआर मिटतो. धूर आत जायचा थांबला, सिलिंडरला ताजी हवा जास्त मिळाली, की ठणठणीत सेन्सर असलेली गाडीसुद्धा हलकी वाटते. ईजीआरचा व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला असेल, तर तो साफ करायचं सोडून माणूस नवीन सेन्सर घेऊन येतो आणि महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार करतो.

पेट्रोलमध्ये ही चाचणी थोडाफार इशारा देते, पण तोही निसरडा. समजा सेन्सरच्या पुढे कुठेतरी रबरी पाइप चिरलाय आणि न मोजलेली हवा आत शिरतेय. मिश्रण पातळ झालंय. सॉकेट काढल्यावर कॉम्प्युटरने अंदाजाने जरा जास्त पेट्रोल सोडलं, तर इंजिनाची थरथर कमी होणार. सेन्सर बरोबर होता, चीर पाइपला होती, आणि बदलला गेला सेन्सर.

"फरक पडला नाही तर सेन्सर चांगला" हे वाक्य तर बऱ्याचदा नेमकं उलटं ठरतं. सेन्सर पुरता मेला असेल, किंवा उंदराने वायर कुरतडली असेल (पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाड्यांचा हा नेहमीचा रोग), तर कॉम्प्युटरने त्याचा आकडा कधीच नाकारलेला असतो आणि गाडी आधीपासूनच अंदाजावर चालत असते. मग सॉकेट काढून फरक पडणार तरी कसा? अशा वेळी स्कॅनरवर बहुधा पी ०१०२ किंवा पी ०१०३ हा बिघाडाचा कोड आलेला असतो, म्हणजे सिग्नल फार खाली किंवा फार वर. तिथेही सेन्सर मागवण्याआधी मल्टिमीटर लावायचा. सॉकेटमध्ये १२ व्होल्ट येतात का, अर्थ पक्की आहे का, ज्या सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा लागतो तिथे तो मिळतो का, पिना सैल किंवा हिरव्या पडल्यात का, हे बघायला दहा मिनिटं पुरतात.

मग तपासायचं कसं? सेन्सर जे सांगतो ते इंजिनाच्या आकारमानाशी जुळतं का, हे बघायचं. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून कारना ओबीडी-२ (बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे बाहेरून वाचू देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत साधा ब्लूटूथ स्कॅनरही चालू आकडे दाखवतो.

१.८ लिटरचं पेट्रोल इंजिन घ्या. ७५० फेऱ्यांना ते मिनिटाला ६७५ लिटर हवा ओढू शकलं असतं, पण स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, थ्रॉटल जवळपास मिटलेला असल्याने त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपासच हवा आत जाते. वस्तुमानात सेकंदाला साधारण २ ते ४ ग्रॅम. तेच इंजिन पूर्ण रेसवर ६००० फेऱ्यांना गेलं, तर आकडा ९० ग्रॅमच्या आसपास यायला हवा. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये, शेजारी बसलेल्याच्या हातात मोबाइल देऊन हे बघता येतं. तिथे ६०च आले तर सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे, पण फिल्टर चोंदला असेल किंवा सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल तरीही आकडा असाच खाली येतो, कारण मग हवा खरोखरच कमी जाते. आणि हा प्रयोग महाबळेश्वरला केलात तर आकडा मुंबईपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी कमीच येणार. तिथली हवाच तेवढी विरळ आहे. ते न सांगता ओळखणं हीच तर या सेन्सरची खुबी.

याच्या जोडीला फ्युएल ट्रिम बघा. ट्रिम म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटरने ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवलं किंवा घटवलं. शून्याच्या अलीकडे-पलीकडे ५ टक्के असेल तर काळजी नको. स्लोवर अधिक २० आणि २५०० फेऱ्यांवर अधिक ५ दिसत असेल, तर कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. चीर तेवढीच राहते, पण रेस वाढवल्यावर एकूण हवेपुढे तिचा वाटा नगण्य होतो. उलट, स्लोवर सगळं ठीक आणि लोड वाढेल तसा आकडा चढत गेला, तर मळलेला सेन्सर भरपूर हवा जात असताना ती कमी सांगतोय, किंवा पेट्रोल पंप दमलाय. या दोघांतला फरक वरच्या ग्रॅमच्या हिशेबाने कळतो: पंप दमला असेल तर हवेचा आकडा बरोबरच येतो. सीएनजी किट असेल तर हे सगळं पेट्रोलवर टाकून बघा, नाहीतर किटच्या ट्युनिंगचा दोष सेन्सरच्या माथी बसेल.

डिझेलला ट्रिम नसतात, पण हिशेब आणखी सोपा आहे. १.३ डिझेल म्हणजे १२४८ सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकी ३१२ सीसी. लिटरभर हवा साधारण १.२ ग्रॅम धरली तर एका सिलिंडरमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ३७० मिलिग्रॅमच्या आसपास हवा मावते. प्रत्यक्षात आत आलेली हवा तापते, सिलिंडर पुरता भरत नाही, म्हणून स्लोवर ३०० किंवा थोडं वर. हा आकडा ईजीआर मिटलेला असतानाचा. चांगल्या स्कॅनरवरून तो मिटवता येतो, आणि बऱ्याच इंजिनांत गाडी काही मिनिटं स्लोवर ठेवली की तो आपणहून मिटतो. तेव्हाही २००च दिसत असतील आणि व्हॉल्व्ह खरंच मिटतोय याची खात्री असेल, तर सेन्सर कमी सांगतोय असं म्हणायला आधार मिळाला. व्हॉल्व्ह मिटल्यावर आकडा २०० वरून ३००च्या वर उडी मारत असेल, तर सेन्सर शाबूत आहे.

"पी ०१०१ आला की थेट बदला." या कोडचा अर्थ एवढाच, की सेन्सरचा आकडा कॉम्प्युटरच्या अपेक्षेशी जुळत नाही. न जुळण्याची कारणं: चोंदलेला फिल्टर, अडकलेला ईजीआर, सुटलेली क्लिप, टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा फाटलेला होज. काट्यावर तोललेलं पोतं वाटेत फाटलं, तर दोष काट्याचा नसतो. फाटलेला होज बहुतेक वेळा तेलकट डागावरून आणि रेस दिल्यावरच्या फुसकाऱ्यावरून सापडतो. नाहीच सापडला तर स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. सेन्सरच्या तुलनेत ती किरकोळ पैशांत होते.

"पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने धुवा." नको. कार्ब क्लीनर आणि ब्रेक क्लीनर मागे थर सोडू शकतात, त्यातली काही द्रावणं प्लास्टिक आणि आतला चिकट लेप खातात. एअर फ्लो सेन्सरसाठीचा वेगळा स्प्रे मिळतो, तो काही न सोडता उडून जातो. इंजिन बंद, सेन्सर बाहेर, लांबून फवारे, आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवायचा. कानातली काडी, ब्रश, फडकं आत घालायचं नाही. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नाही, तार तिथेच तुटते. धुऊन फरक पडला तर आनंद आहे, पण सेन्सर मळला कशाने तेही बघा. फिल्टर नीट बसलेला नसेल, किंवा तेल लावायचा 'परफॉर्मन्स' फिल्टर सढळ हाताने भिजवून बसवला असेल, तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

"बिनधास्त चालवा." गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही, तीसुद्धा इंजिन बंद पडत नसेल तर, कारण काही गाड्या सॉकेट काढल्यावर स्लो धरत नाहीत. पण महिनोन्महिने नको. डिझेलमध्ये ईजीआर मिटलेला राहिला की विषारी नायट्रोजन ऑक्साइड्स वाढतात. बीएस-६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, आणि हवेच्या सेन्सरचा कोड उभा असताना बहुतेक गाड्या त्याची आपोआप होणारी सफाई थांबवतात. काजळी साठत जाते, आणि डीपीएफच्या किमतीपुढे एअर फ्लो सेन्सर म्हणजे चिल्लर.

एवढं सगळं करून सेन्सरच दोषी निघाला, तर बदलावाच लागतो. होतातही ते खराब. फक्त पार्ट नंबर जुळवून घ्या. बाहेरून हुबेहूब दिसणारा डुप्लिकेट तोच सॉकेट स्वीकारतो, पण किती हवेला किती सिग्नल द्यायचा हे त्याचं गणित वेगळं असतं, आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालते. बसवल्यावर कॉम्प्युटरने शिकलेले जुने आकडे स्कॅनरने पुसा, नाहीतर पेट्रोल गाडी काही दिवस जुन्याच सेन्सरच्या हिशेबाने पेट्रोल सोडत राहील. आणि नवीन बसवण्याआधी जुन्याचे आकडे स्लोवर आणि २५०० वर लिहून ठेवा. नवा तेच दाखवत असेल, तर बिघाड अजून गाडीतच आहे.