खोडरबर आधी बाजूला ठेवा
मुलांना साताऱ्याजवळच्या कास पठारावर नेऊन तासभर फुलांची चित्रं काढायला लावा, मन आपोआप स्थिर होतं, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. पाचवी-सहावीला तासभर झेपत नाही, दहा मिनिटं पुरे. शिवाय तिथली 'सीतेची आसवं' ही फुलं इतकी बुटकी असतात, की वर्गभर मुलं पठारावर बसली तर तीच चिरडायची.

साताऱ्यातल्या शाळेच्या आवारातलं पिंपळाचं पानही चालतं. दोन मिनिटं नुसतं बघायचं, मग कागदाकडे न बघता, पेन्सिल न उचलता कडेची रेघ सावकाश ओढायची. लांब टोकाशी मुलं हमखास घाई करतात, कारण नजर हाताच्या पुढे पळते. खोडरबर दिला की लक्ष पानावरून 'चांगलं दिसतंय का' याकडे जातं. आणि या चित्रांना कृपया गुण देऊ नका!