‘1873 चा गुन्हा’: चांदीचा डॉलर लाच देऊन मारला का?

‘अर्न्स्ट सेड हा इंग्रज पाच लाख डॉलर घेऊन आला, अमेरिकी काँग्रेसचे सभासद फोडले, 12 फेब्रुवारी 1873 ला गुपचूप कायदा झाला आणि एका रात्रीत लोकांच्या हातची चांदी जाऊन सोनं आलं,’ असा मजकूर फिरतो आहे. या कायद्याने चांदीचा डॉलर पाडणं बंद झालं आणि विरोधक त्यालाच ‘1873 चा गुन्हा’ म्हणत. तारीख बरोबर आहे, बाकीचं तपासावं लागेल.

गुपचूप? मसुदा अमेरिकी अर्थखात्याचे अधिकारी जॉन जे नॉक्स यांनी तयार केला आणि तो एप्रिल 1870 मध्येच काँग्रेसकडे गेला. सोबतच्या अहवालात चांदीचा डॉलर बंद करण्याची शिफारस स्वतंत्र मथळ्याखाली होती. पुढे कायदा होईपर्यंत जवळजवळ तीन वर्षं गेली.

लाच? सेड स्वतः सोनं-चांदी दोन्ही चालावीत या मताचे होते. 1872 मध्ये काँग्रेसचे सभासद सॅम्युअल हूपर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी चांदीचा डॉलर ठेवा, असंच सुचवलं होतं.

‘हातची चांदी’ हा मुद्दा सगळ्यांत कच्चा आहे, आणि इथे थोडा हिशेब करायला हवा. डॉलरच्या नाण्यात शुद्ध चांदी 24.06 ग्रॅम, सोन्याच्या डॉलरात शुद्ध सोनं 1.505 ग्रॅम, म्हणजे कायद्याने ठरलेलं चांदी-सोन्याचं प्रमाण 16 ला 1. फ्रान्समध्ये ते साडेपंधराला 1 होतं. तिथल्या दराने त्याच चांदीचं 1.552 ग्रॅम सोनं मिळे, तीन टक्के जास्त. मग चांदीचा डॉलर कोण खर्च करणार? तो वितळवला जाई किंवा परदेशी जाई. 1873 पर्यंतच्या सुमारे 80 वर्षांत असे डॉलर जेमतेम 80 लाख पाडले गेले. त्यातून यादवी युद्धापासून बहुतेक व्यवहार ग्रीनबॅक म्हणजे सरकारी कागदी नोटांमध्येच होत. सोन्याचं नाणं रोज हाती खेळे ते मुख्यतः कॅलिफोर्निया आणि पश्चिम किनाऱ्यावर. शिवाय अर्धा डॉलर, पाव डॉलर, डाइम (दहा सेंट) ही चांदीची नाणी कायद्याने बंद झालीच नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. चांदी स्वस्त होणार, हे टांकसाळीचे अधिकारी हेन्री लिंडरमन यांनी 1872 मध्येच ओळखलं होतं. नेवाडातल्या खाणी आणि जर्मनीने सोन्याकडे घेतलेलं वळण, दोन्ही समोर होतं. कुणीही चांदी आणून तिचे डॉलर पाडून घ्यावेत, ही जुनी सोय राहिली असती तर ती चांदी टांकसाळीत येऊन तिचे डॉलर झाले असते, पैसा वाढला असता आणि कर्ज फेडणं सोपं झालं असतं. ते दार बंद झालं आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांचा राग इथूनच आला. तो खोटा नव्हता.

1894 पर्यंत बाजारभावाने चांदी-सोन्याचं प्रमाण 32 ला 1 च्या आसपास गेलं, म्हणजे चांदी खूपच स्वस्त झाली. त्याआधीच, 26 जून 1893 ला, मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं थांबवलं होतं.