नोव्हेंबरातलं केशरी जाकीट: फिरत्या निरोपाला उत्तर

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरायला लागतो. यंदाही आला. मजकूर थोडक्यात असा: हंटिंग सीझनमध्ये केशरी जाकीट घाला हा आग्रह म्हणजे दुकानदारांचा धंदा आहे. तो भडक रंग हरणाला लांबून दिसतो, म्हणून खरे शिकारी तो टाळतात. बंदूकवाला नेम धरताना समोर काय आहे ते बघतोच. नियम शिकाऱ्यांना आहे, ट्रेलवर चालणाऱ्यांना नाही. घालायचंच असेल तर लाल, पांढरं, पिवळं, काहीही भडक चालतं. आणि असे अपघात इतके विरळ की त्यांची काळजी करणं म्हणजे वीज पडेल म्हणून घरात बसून राहणं.

मी न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात राहतो. शिकारीचं लायसन्स बाळगतो आणि त्याच जंगलात घरच्यांना घेऊन चालायलाही जातो. हा निरोप वाचून मला राग येतो, कारण या जंगलाची सवय नसलेल्या माणसांनाच तो बिनधास्त करतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांनी जंगलात कायदेशीरपणे बंदूक घेऊन बसलेला माणूस इथे येईपर्यंत पाहिलेलाच नसतो. नुकत्याच आलेल्या कुटुंबाला कुणी सांगितलं की ‘काही होत नाही’, तर ते विश्वास ठेवणारच.

आधी हरणाचं बघू, कारण या मुद्द्याला शास्त्राचा वास आहे आणि लोक त्यालाच भुलतात. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. हरणाच्या डोळ्यात दोनच. एक निळ्याला प्रतिसाद देते, दुसरी पिवळट हिरव्याला. 1990 च्या दशकात इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर झालेल्या प्रयोगांत हे मोजलं गेलं आहे. तांबड्या-नारिंगी टोकाकडचा प्रकाश टिपायला हरणाकडे वेगळी पेशीच नाही. शिकारीच्या केशरी कापडाची तरंगलांबी 595 ते 605 नॅनोमीटरच्या आसपास ठेवलेली असते. म्हणजे तो रंग माणसाच्या डोळ्यावर आदळतो, पण हरणाला वाळल्या गवतापासून आणि पानांपासून वेगळा काढता येत नाही. उलट हरणाला निळा रंग फार छान दिसतो. त्याच्या डोळ्याच्या भिंगातून अतिनील किरणंही बऱ्यापैकी आत जातात. केशरी टाळून निळी जीन्स घालून जाणारा माणूस हरणापासून लपत नाही, फक्त माणसांपासून लपतो.

यात खरं असं एवढंच: बऱ्याच डिटर्जंटमध्ये कपडे उजळ दिसावेत म्हणून एक रसायन घातलेलं असतं. ते अतिनील किरणं शोषून निळसर प्रकाश फेकतं आणि तो प्रकाश हरणाला दिसतो. म्हणून जुने शिकारी केशरी जाकीट साध्या, चमक न देणाऱ्या साबणाने धुतात. आणि हरणाला सावध करतात त्या मुख्यतः दोनच गोष्टी, वास आणि हालचाल. वाऱ्याची दिशा चुकली तर डोक्यापासून पायापर्यंत झाडासारखे कपडे घातले तरी काही उपयोग नाही. ‘खरे शिकारी’ केशरी टाळतात म्हणे. धनुष्यबाण घेऊन जाणारे टाळतात, कारण त्यांना वीस-पंचवीस मीटरवरून बाण मारायचा असतो आणि बऱ्याच राज्यांत नुसत्या धनुष्याच्या मोसमात तशी मुभा असते. रायफलीच्या मोसमाची गोष्ट वेगळी. विस्कॉन्सिनमध्ये 1945 पासून हरणाच्या शिकारीला लाल कपडे आणि 1980 पासून केशरी सक्तीचं आहे. त्या राज्यात दरवर्षी लाखो लोक केशरी घालूनच हरणं मारतात.

टर्की पक्ष्याचं उदाहरणही निरोपाच्या एका जास्त लांब आवृत्तीत आहे. टर्कीवाले केशरी घालत नाहीत, मग आपण कशाला? पक्ष्यांची रंगदृष्टी आपल्याहूनही तीक्ष्ण, त्यामुळे टर्कीवाल्यांची अडचण खरी आहे. पण म्हणूनच त्यांना लाल, पांढरं आणि निळं घालू नका असं बजावून सांगतात, कारण नर टर्कीचं डोकं नेमकं त्याच तीन रंगांचं असतं. मारलेला पक्षी खांद्यावर टाकून परत येताना त्याच्याभोवती केशरी कापड गुंडाळायला सांगतात ते वेगळंच. ज्याला केशरी परवडत नाही तोसुद्धा रंगाचा इतका विचार करतो.

आता सगळ्यात घातक वाक्याकडे येतो: ‘नेम धरणारा बघतोच समोर काय आहे ते.’

बघायलाच हवं. तो शिकारीचा पहिला नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला माझ्याकडून कसलीही सूट नाही. पण डोळा जे बघतो त्याचा अर्थ मन लावतं. पहाटेपासून थंडीत बसलेला माणूस हरणाचीच वाट बघत असतो. झाडीत तपकिरी काही हललं की पहिला अर्थ हरणाचाच लागतो, आणि मग उरलेले तुकडे मन त्या अर्थात बसवत जातं.

एका संध्याकाळी मी टेकडीच्या उतारावर बसलो होतो. सूर्य मावळायला थोडाच वेळ होता. खाली हेमलॉकच्या झाडांच्या कडेला काहीतरी तपकिरी दिसलं. आडवं, हरणाच्या पाठीच्या उंचीवर. पुढचा भाग खाली गेला, चरायला मान घालावी तसा, आणि खालच्या बाजूला काही पांढरं चमकलं. रायफल मांडीवरच होती. गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावली तेव्हा कळलं की तपकिरी पफर जाकीट घातलेला एक माणूस वाकून बुटाची नाडी बांधतोय. पांढरं चमकलं ते त्याचे मोजे. दुर्बिणीतूनसुद्धा माणूस आहे हे कळायला क्षणभर लागला. रायफलीवरच्या स्कोपमधून, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीतून, ‘काय आहे ते बघू’ म्हणणारा माणूस त्याच क्षणी त्याच्यावर भरलेली बंदूक रोखून बसलेला असता. त्या माणसाच्या डोक्यावर एक केशरी कानटोपी असती तर दुर्बिणीची गरजच पडली नसती.

ज्यांचं नशीब इतकं बरं नव्हतं त्यांची उदाहरणं आहेत. 1988 च्या नोव्हेंबरमध्ये मेन राज्यातल्या हर्मन गावात एक तरुण आई स्वतःच्या घरामागच्या अंगणात उभी होती. हातांत पांढरे हातमोजे होते. शिकाऱ्याला ती हरणाची उंचावलेली पांढरी शेपटी वाटली. त्याच्या रायफलीवर स्कोप होता, तो अनुभवी होता, आणि तरीही त्याने चाप ओढला. ती गेली. घरात तिची जुळी तान्ही मुलं होती. 1990 मध्ये ज्युरीने त्या शिकाऱ्याला निर्दोष सोडलं. त्या काळात ‘तिने केशरी का घातलं नव्हतं’ असं विचारणारी माणसं निघाली. ते बोलणं मला तेव्हाच्या गोळीइतकंच क्रूर वाटतं. स्वतःच्या अंगणात कुणी कोणते कपडे घालावेत हे शिकाऱ्याने ठरवायचं नसतं. पुढे 1991 मध्ये मेनने कायदा केला की समोरचं जनावर नक्की ओळखल्याशिवाय गोळी झाडायची नाही. जबाबदारी शंभर टक्के चाप ओढणाऱ्याची, हे मी कितीही वेळा लिहायला तयार आहे. पण जबाबदारी कुणाची हे कोर्टात ठरतं, आणि मला माझी माणसं संध्याकाळी घरी परत हवी आहेत.

चूक फक्त इथल्या लोकांची होते असंही नाही. 2025 च्या सुरुवातीला पालघरच्या जंगलात रानडुकराच्या बेकायदा शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्या लोकांना ते जंगल तळहातासारखं ठाऊक होतं आणि आपली माणसं आसपास आहेत हेही माहीत होतं.

शिवाय गोळी लागायला हरीण समजलं जाणंच लागतं असं नाही. पळत्या हरणामागे नळी फिरवता फिरवता पलीकडचा माणूस रेषेत येतो. रायफलीची गोळी नेम चुकला तर तिथेच थांबत नाही, शेकडो मीटर पुढे जाते. शिकाऱ्याला पलीकडे केशरी ठिपका आधीच दिसलेला असेल तर तो त्या दिशेला बंदूक वळवतच नाही. केशरीचं निम्मं काम हे आहे आणि निरोपात त्याचा उल्लेखही नाही.

‘नियम शिकाऱ्यांना आहे, चालणाऱ्यांना नाही’ हे बहुतेक राज्यांत कागदोपत्री बरोबर आहे. पेन्सिल्व्हेनियात रायफलीच्या हरीण-मोसमात शिकाऱ्याच्या डोक्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून 250 चौरस इंच केशरी, चारही बाजूंनी दिसेल असं, सक्तीचं आहे. म्हणजे साधारण 40 बाय 40 सेंटिमीटरचं कापड. न्यूयॉर्कने बंदुकीने हरीण आणि अस्वल मारणाऱ्या मोठ्या माणसांना ही सक्ती 2021 मध्ये केली, तिथे गुलाबीही चालतो. त्याच वर्षी शिकारीची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्ताच्या अर्धा तास नंतरपर्यंत वाढवली गेली. उजेड कमी असताना गोळी झाडायची परवानगी दिली, तर माणूस दिसण्याची सोयही करावीच लागते. आणि त्या अंधुक वेळेत ट्रेलवर कोण असतं? ऑफिस सुटल्यावर कुत्र्याला फिरवणारा, सकाळी धावणारी, भारतातून आलेल्या आईवडिलांना रंगीत पानं दाखवायला घेऊन गेलेला. गोळीला लायसन्स कुणाकडे आहे ते कळत नाही.

न्यूयॉर्कमध्ये सक्ती नव्हती तेव्हाचीच नोंद मला सगळ्यात बोलकी वाटते. 1990 च्या दशकात तिथले बहुसंख्य हरीण-शिकारी स्वखुशीने केशरी घालत होते. तरी जनावर समजून गोळी लागलेल्यांमध्ये जवळजवळ सगळे केशरी न घातलेले निघाले. जंगलात केशरीवाले जास्त, जखमींत बिनकेशरीवाले जास्त. यात आणखी समजावून सांगण्यासारखं काही राहत नाही.

आता ‘काहीही भडक चालतं’. नाही चालत. पांढऱ्याचं काय होतं ते हर्मनला दिसलं. पांढरा रुमाल, पांढरी लोकरी टोपी, पांढरे मोजे-हातमोजे या महिन्यात घरी ठेवा. लाल दुपारी उठून दिसतो, पण उजेड उतरला की आपल्या डोळ्यांना लालच सगळ्यात आधी काळा दिसायला लागतो. संध्याकाळी अंगणात लाल आणि केशरी कापड शेजारी टांगून बघा, लाल आधी विझतो. त्यात युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 8 टक्के लोकांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि इथले बहुतेक शिकारी त्याच वंशाचे पुरुष आहेत. विस्कॉन्सिनने लाल सोडून केशरी घेतलं ते उगाच नाही. रस्त्यावर काम करणाऱ्यांचा पोपटी-पिवळा उन्हाळ्यात उत्तम, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पिवळ्या पानांत तो मिसळून जातो.

केशरीसुद्धा साधा नको, फ्लुरोसंट हवा. आपल्या देवघरातला किंवा झेंड्याचा भगवा सुंदर असतो, पण तो त्याच्यावर पडलेला प्रकाशच परत फेकतो. फ्लुरोसंट कापड अतिनील आणि निळा प्रकाश शोषून तो केशरी करून बाहेर टाकतं, म्हणून ढगाळ दिवशी आणि सूर्य उगवता-मावळता ते आजूबाजूच्या सगळ्याहून उजळ दिसतं. भडक गुलाबीही तसाच काम करतो. विस्कॉन्सिनने 2016 मध्ये त्याला मान्यता दिली. मुलीला केशरी आवडत नसेल तर खुशाल गुलाबी द्या.

पण याला मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. प्रकाशच नसेल तर फ्लुरोसंट काही करू शकत नाही. 2017 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या पश्चिम टोकाला एक बाई घरामागच्या शेतात कुत्र्यांना फिरवत होती. सूर्य मावळून गेला होता, शिकारीची कायदेशीर वेळ संपली होती, तरी शेजाऱ्याने हरीण समजून गोळी झाडली आणि ती दगावली. अशा वेळी हेडलॅम्प लागतो, चालू केलेला, आणि प्रकाश परत फेकणाऱ्या पट्ट्या. केशरी उजेडासाठी, दिवा अंधारासाठी.

राहिला ‘अपघात विरळ’ हा मुद्दा. विरळ आहेत, खरं आहे. विस्कॉन्सिनमध्ये 1966 साली लाख शिकाऱ्यांमागे 44 जण जखमी होत होते, आता ते प्रमाण 90 टक्क्यांहून जास्त घटलं आहे. ते आपोआप घटलं नाही. शिकारीचं प्रशिक्षण आलं आणि केशरी आलं. ज्या गोष्टीमुळे अपघात कमी झाले तीच सोडून द्या असं सांगायला अपघात कमी आहेत हे कारण कसं होऊ शकतं? केशरीने सगळेच अपघात टळत नाहीत हेही खरं. मचाणावरून पडणं, स्वतःच्याच बंदुकीतून सुटलेली गोळी, यावर त्याचा काही इलाज नाही. शिकाऱ्यांनी मचाणावर पूर्ण अंगाला बसणारा सुरक्षा पट्टा (फुल-बॉडी हार्नेस) बांधायलाच हवा. पण ट्रेलवर चालणाऱ्याला मचाणावरून पडायची भीती नसते. त्याच्या वाट्याला येणारा धोका दिसला-न-दिसल्याचाच आहे.

दुकानदारांच्या धंद्याचं म्हणाल तर केशरी कानटोपी आणि बंडी मिळून एका पिझ्झ्याच्या पैशात येते.

घेताना एवढं बघा. टोपी आणि बंडी दोन्ही घ्या, कारण झुडपाआड उभं राहिल्यावर बऱ्याचदा डोकंच वर दिसतं. बंडी जाळीची नको, सलग कापडाची घ्या, आणि ती सगळ्यात वरच्या थरावर, कोटाच्याही वरून, चढवा. फ्लुरोसंट रंग उन्हाने उडतो, त्यामुळे गाडीच्या मागच्या काचेजवळ वर्षभर पडून फिकी झालेली बंडी बदला. कुत्र्याला, विशेषतः तपकिरी कुत्र्याला, नुसता केशरी पट्टा नको, पूर्ण केशरी जाकीट घाला. आपल्या राज्यात रायफलीचा मोसम कधी आहे ते बघून ठेवा. मिशिगनमध्ये तो दरवर्षी 15 ते 30 नोव्हेंबर असतो, इतर राज्यांत तारखा सरकतात. आणि पाठीवर बॅग असेल तर बंडीचा मागचा भाग झाकला जातो, हे लोक हमखास विसरतात. बॅगेवर केशरी रेनकव्हर चढवा. बाळ पाठीवरच्या कॅरिअरमध्ये असेल तर त्याच्या टोपीपासून सुरुवात करा.